एक सवाल, मंग मोटार

हनीफमामूंकडे पाण्याची जळालेली मोटार टाकली की ती तीन दिवसांत नवी तार भरून तयार असते. तयार असते म्हणजे लगेच हातात मिळते असं नाही. गिऱ्हाईक ती उचलायला वाकलं की मामू तिच्यावर आपला पाय ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, "एक सवाल, मंग मोटार."

वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या रस्त्यावर मामूंचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. मध्ये फक्त एक पत्रा. त्यामुळे गेली अठरा वर्षं मामूंचे सगळे सवाल मी फुकटात ऐकतो आहे. मामू अंगाने काटकुळे, बोटं वार्निशने कायमची तपकिरी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. त्या काडीवर बोट ठेवून त्यांनी मान तिरपी केली, की समजायचं, समोरच्या माणसाचा बेत बिघडला.

सवाल कसला असेल याचा अंदाज नवख्याला नसतो. त्याला वाटतं, म्हातारा विचारणार किती एचपी, बोअर किती फूट. जवळा बाजारचे बाबाराव असेच गाफील सापडले. त्यांची मोटार वडिलांच्या वेळची. मामूंनीच तिचं वाइंडिंग चार वेळा बदललेलं, बेअरिंग बदललेलं, एकदा शाफ्ट आणि या खेपेला वरचं कव्हरसुद्धा. मामूंनी विचारलं, "बाबाराव, ही तुझ्या बापानं घेतलेलीच मोटार हाय, का दुसरी?"

बाबाराव म्हणाले, तीच की. काहून, म्हणजे का, असं मामूंनी विचारलं. बाबारावांनी बॉडीवर रंगवलेलं वडिलांचं नाव दाखवलं. मामूंनी थिनरचा बोळा उचलला आणि म्हणाले, हे पुसलं तर? बाबारावांनी घाईघाईने मोटारीला मिठी मारली. मग स्टुलावर बसले ते अर्धा तास बसले. शेवटी म्हणाले की मामू, तसं बघितलं तर मागच्या साली ऑपरेशन झाल्यापासून मी तरी तोच कुठं राहिलो. मामू खूश झाले, पाय काढला. बाबाराव गेले. संध्याकाळी जवळा बाजारहून त्यांचा फोन आला. मोटार चालू झाली हे सांगायला नव्हे. त्यांना विचारायचं होतं, की मग बापाचं शेत तरी तेच आहे का.

मामूंचे नियम सोपे आहेत. उत्तर कुठलंही चालेल, पण त्याच्या मागे 'काहून' हवं. 'मला वाटतं' चालेल, 'लोक म्हणतात' चालणार नाही. आणि ते स्वतः कधीही उत्तर सांगत नाहीत. गिऱ्हाईक चिडून म्हणतं, तुमीच सांगा मग. त्यावर मामू म्हणतात, "माझ्यापाशी असतं तर तुला काहून तकलीफ दिली असती?"

मिक्सर घेऊन आलेल्या गिरिजाबाईंना त्यांनी विचारलं, तुला मिरची जशी तिखट लागते तशीच मलाही लागते, हे तुला कसं कळणार? गिरिजाबाई म्हणाल्या, डोळ्यांतलं पाणी बघून. मामू म्हणाले, पाणी कांद्यानेही येतं. बाईंनी कमरेवर हात ठेवून त्यांना सुनावलं की मी तीस वर्षं सात जणांचा स्वयंपाक करते, कुणाला किती तिखट लागतं ते मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळतं. मामूंनी मिक्सर स्वतः उचलून रिक्षात ठेवला. नंतर दिवसभर ते "गप बसन्यावरून... बराबर हाय," असं पुटपुटत होते.

मीही सुटलो नाही. एकदा लाईट गेली होती. लाइनमनने मला दोन वाजता येईल म्हणून सांगितलं, मी ते मामूंना सांगितलं आणि बरोबर दोनला लाईट आली. मागाहून कळलं की लाइनमन कुरुंद्याच्या लाईटबद्दल बोलत होता, आमच्याकडची आपली योगायोगाने आली. मामूंना आनंदाचं भरतं आलं. म्हणाले, "मंग विष्णू, दोनला लाईट येनार हे तुला माहीत व्हतं, का नव्हतं?" मी म्हणालो, होतं. मग म्हणालो, नव्हतं. मग एका माणसाच्या आधार कार्डाच्या एकाऐवजी अकरा प्रती काढल्या.

पलीकडच्या चौकात मोटार भरायचं दुसरं दुकान आहे. तिथे कुणी काही विचारत नाही. घाईतली गिऱ्हाइकं तिथे जातात आणि दोन हंगामांनी परत मामूंकडे येतात. त्यांना मामूंचं काम आवडतं हे एक कारण. दुसरं ते कबूल करत नाहीत, पण मी पाहिलं आहे. मोटार न घेता नुसतेच येऊन स्टुलावर बसणारे लोक आहेत. मोंढ्यात आलेला पाहुणा 'इथं बघण्यासारखं काय' असं विचारतो तेव्हा आमच्या रस्त्यावरचा कुणीही त्याला आधी मामूंच्या दुकानाकडे पाठवतो. मी तर पत्रा वाजवून सांगतो, मामू, एक नवीन आलाय.

दोन वर्षांपूर्वी अशाच एक नवीन आल्या. कदम मॅडम. परभणीकडच्या, वय तिशीच्या आत, इथल्या ज्युनिअर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलेल्या. त्यांच्या घराची पाण्याची मोटार जळाली होती. मामूंनी पाय ठेवून सवाल टाकला. मॅडमनी तो नीट ऐकून घेतला आणि उत्तर न देता उलट मामूंनाच एक सवाल केला: सवाल विचारल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, ते काहून? मामूंवर ही वेळ कधी आली नव्हती. त्यांनी काडीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मोटारीवरचा पाय कधी निघाला ते त्यांनाही कळलं नाही.

आठ दिवसांनी मॅडम परत आल्या. म्हणाल्या, अकरावीचा नवा वर्ग आहे, पोरांना विषयाची धास्ती आहे. दुसरा विषय मिळाला नाही म्हणून यात आलेली. प्रश्नाखालचं उत्तर पाठ करतात, पण स्वतःहून तोंड उघडत नाहीत. या वर्षी अशीच राहिली तर पुढच्या वर्षी विषय बंद करायचं चाललंय. तुम्ही एक तास घ्या.

मामू म्हणाले की मी सातवी नापास. मॅडम म्हणाल्या की म्हणूनच. मामू नाही म्हणाले, तीनदा म्हणाले आणि चौथ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दुकानासमोर उभे राहिले. "तू संगं चल," म्हणाले. मी शटर ओढलं.

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. दुकानात मामूंच्या पायाखाली मोटार असते, म्हणून लोक थांबतात. इथे त्यांच्याकडे अडकवून ठेवायला काहीच नव्हतं. वर्गात शिरल्यावर ते फळ्याजवळ नुसतेच उभे राहिले. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. मी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलो होतो.

मग मामूंनी खिशातून दोन तारा काढल्या. एक तांब्याची, एक हलकी, ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा रंग दिलेली.

"ही अस्सल," ते म्हणाले, "अन् ही हलकी. मोटारीत भरून कव्हर लावलं का वरून दोन्ही सारख्याच. हलकी बी दोन-तीन साल चालती. गिऱ्हाईक खूश, मी बी खूश. कुनालाच कधी कळनार न्हाई. मंग मी तांबंच काहून भरू?"

एक पोरगं म्हणालं, पाप लागेल. मामू म्हणाले, समज, पाप-पुण्य काही नसतंच, मग? दुसरं म्हणालं, नाव खराब होईल. मामूंनी आठवण करून दिली की कुणाला कळणारच नाही असं ठरलंय. तिसरं म्हणालं, मग हलकीच भरा. हशा झाला. मामू हसले नाहीत. त्यांनी त्याला मान देऊन विचारलं की तुझ्या घरची मोटार असती तर?

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. वर्ग सुरू झाल्यापासून ती एकदाही बोलली नव्हती, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "कुणालाच कळणार नाही कसं? तुमाला तर कळतंय की."

मामूंनी मान तिरपी केली. म्हणाले, "मला कळतंय. पन मी इसरून गेलो तर?"

झालं. पोरं एकमेकांशी भांडायला लागली. विसरलं तर चूक मिटते का, न दिसणाऱ्या गोष्टीला किंमत असते का, चांगलं म्हणजे फायद्याचं का. घंटा झाली, कुणी उठलं नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले आणि मग तेच आत येऊन बसले. मला एवढा अभिमान वाटला की शेजारच्या पोराला मी विनाकारण सांगितलं, "हे आमचे मामू आहेत. आमच्या शेजारी बसतात."

पुढच्या वर्षी त्या विषयाला पोरांनी आपण होऊन नावं दिली. विषय अजून चालू आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यात चहा घेत होतो. मामूंनी जरा चाचरत विचारलं, "मॅडम, असले सवाल... माझ्या आधी कुनी इचारलेत का?"

मॅडम म्हणाल्या, हो तर. अडीच हजार वर्षांपासून, त्याच्याही आधीपासून. आपल्याकडे, ग्रीकांकडे, अरबांकडे, चीनमध्ये. विष्णूंकडून ऐकलंय मी सगळं. तुम्ही बाबारावांना मोटारीबद्दल विचारलंत ते, गिरिजाबाईंना मिरचीबद्दल विचारलंत ते, आजचं तांब्याचंसुद्धा. माणसांनी आख्खं आयुष्य त्यात घालवलंय. माझ्या कपाटात त्यांची पुस्तकं आहेत.

मला मॅडमचा राग आला. म्हाताऱ्याला कशाला सांगायचं की तुझं सगळं आधीच होऊन गेलंय? मी मामूंकडे पाहिलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

ते आम्हाला सांगू लागले. दहा वर्षांचे असताना ते अम्मीला रोज असंच काहीबाही विचारत. मी झोपतो तेव्हा कुठं असतो, रंग आंधळ्याला कसा सांगायचा. पोरं त्यांना येडा हनीफ म्हणू लागली. अम्मीने दर्ग्यावर नेऊन गंडा बांधला. अब्बांनी नांदेडला डॉक्टरला दाखवलं. मग मामूंनी बोलणंच सोडलं. पुढे दुकान हातात आलं, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली.

"मोटार पायाखाली धरली का मानूस पळून जात न्हाई," मामू म्हणाले. "आजवर मला वाटत व्हतं, ही बिमारी जगात एकट्या मलाच हाय."

मॅडमनी आत जाऊन एक जाड पुस्तक आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामूंनी ते उघडलं नाही. तपकिरी बोटं फक्त पुठ्ठ्यावरून फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे समदे बी एकटेच व्हते का?"

"बरेचसे," मॅडम म्हणाल्या.

मामूंनी मान हलवली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"त्यांना कुनी सांगाया पायजे व्हतं," ते म्हणाले, "का वसमतला बी एक हाय."