उदोजीचा अर्ज आणि बाटलीवरची रेघ

विषय : ‘दरबारी चवनीस’ या पदावर कायम करण्याबाबत उदमांजर उदोजी यांचा अर्ज.
संदर्भ : फ्रान्स देशाहून आलेली पांढऱ्या वाइनची एक बाटली.

तर मुलांनो, उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचं ते असं, की एका जंगलात उदोजी नावाचं एक उदमांजर राहत होतं.

सिंहमहाराजांच्या पानात पडण्याआधी प्रत्येक पदार्थ चाखून पाहायचा, ही उदोजीची नोकरी. अकरा वर्षं तो ती हंगामी म्हणून करत होता. हंगाम कोणता, ते कोणी सांगत नसे. कायम झाला असता तर दरबाराच्या वडावर त्याला हक्काची ढोली मिळणार होती. तोवर दर पावसाळ्यात तो बिऱ्हाडासकट कुणाच्या ना कुणाच्या ढोलीत पाहुणा म्हणून राही. त्याच्या बायकोला पाहुणी असण्याचा मनापासून कंटाळा आला होता.

त्या जंगलातल्या तळ्यावर दर हिवाळ्यात एक पांढरा करकोचा परदेशातून येई. त्याला सगळे करकोचेसाहेब म्हणत, कारण उभा राहतानासुद्धा तो एक पाय राखून ठेवी. त्या वर्षी तो महाराजांसाठी बाटली घेऊन आला.

महाराज खूश झाले. म्हणाले, रविवारी दुपारी पिऊ. बरोबर काय खायचं ते उदोजीने ठरवावं. जमलं, तर अर्जावर तिथल्या तिथे पंजा उमटवू.

साहेबांनी बूच काढलं आणि उदोजीच्या द्रोणात चार थेंब ओतले. ही वाइन कोरडी आहे, असं त्यांनी सांगितलं. शेजारी अस्वलअण्णा होते, दरबारातले पहिले अधिकारी. त्यांनी द्रोणात बोट बुडवून पाहिलं आणि ओलीच आहे असं कळवलं. कोरडी म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही, असा साहेबांनी खुलासा केला. अण्णांनी तिच्याबद्दल दुःख व्यक्त केलं.

उदोजीने द्रोण हळूच फिरवला. आधी नाक घातलं, मग जीभ. त्याच्या मिशा थरथरल्या. लिंबाची साल. कोवळी कैरी. मागून आवळा. आणि सगळ्यात शेवटी, ओढ्यातून नुकताच उचललेला गार दगड.

“दगडापर्यंत पोचायला आमच्याकडे लोकांना वीस वर्षं लागतात,” साहेब म्हणाले.

बरोबर काय खातात, असं उदोजीने विचारलं. साहेब म्हणाले, कालवं, मासे किंवा शेळीच्या दुधाचं चीज. तिखट नको, गोड तर नकोच. कालवं खाडीत, खाडी चार दिवसांवर. शेळीला बोलावणं धाडलं, तर तिने उलट निरोप पाठवला, की दरबारात गेलेली शेळी दूध देऊन परत आल्याचं तिच्या ऐकिवात नाही. उदोजीने विचार केला. वाइनमध्येच लिंबाची धार आहे. मग ओढ्यातले झिंगे घ्यावेत, पळसाच्या पानात मिठावर भाजावेत, आणि वर काही पिळू नये. साहेबांनी मान डोलावली. उदोजी उड्या मारत झिंगे धरायला गेला.

इथे मुलांनो, दरबाराची एक पद्धत सांगितली पाहिजे. महाराजांकडे जाणारी कुठलीही वस्तू तीन टेबलांवरून वर जाई. बाटलीवर कोळशाने रेघ मारली होती : वाइन इथपर्यंत. प्रत्येक टेबलाने ती चाखायची, शेरा लिहायचा आणि ‘पातळी बरोबर’ असं प्रमाणित करून पुढे पाठवायची. नियम पातळीचा होता. पातळीखाली काय आहे, याबद्दल नियमात काही नव्हतं. आणि वाइन गार राहावी म्हणून तिन्ही टेबलं त्या दिवशी ओढ्याकाठी मांडली होती.

उदोजी टोपलीभर झिंगे घेऊन परतला, तेव्हा कार्यालयाचं काम संपलेलं होतं.

अस्वलअण्णा एका वारुळापुढे हात जोडून बसले होते आणि आजवर फोडलेल्या सगळ्या वारुळांची नावं घेऊन माफी मागत होते. दुसऱ्या टेबलाचे वराहपंत साहेबांसारखे एका पायावर उभे राहत होते, पडत होते, आणि जमीन हलते अशी तक्रार जमिनीकडेच नोंदवत होते. तिसऱ्या टेबलाचे चिटणीस, वानर हुप्पेराव, आपली शेपूट मोजत होते. ती दोन भरली. एक कुणाची तरी चुकून आली आहे, ज्याची असेल त्याने ओळख पटवून न्यावी, असं ते प्रत्येकाला विनवत होते.

शेरे मात्र वेळेत झाले होते. अण्णांनी लिहिलं होतं, “मध नाही. खात्रीसाठी पुन्हा चाखली. अजूनही नाही.” वराहपंतांनी लिहिलं होतं, “चव चांगली. खरोखरच चांगली आहे का, ते पाहिले. आहे.” हुप्पेरावांचा शेरा पानावरून दगडावर, दगडावरून त्यांच्या मांडीवर गेला होता, आणि ते मांडी देईनात.

बाटली बरोबर रेघेपर्यंत भरलेली होती.

रविवारची दुपार झाली. झिंगे लालबुंद भाजले गेले. महाराजांनी एक झिंगा खाल्ला, एक घोट घेतला आणि करकोचेसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. त्यांना पुढच्या हिवाळ्यातही तळं हवं होतं.

“फार संयत,” ते म्हणाले.

मग द्रोण उदोजीकडे आला. त्याने नाक घातलं. मिशा हलल्या नाहीत. वडावरची ढोली समोरच दिसत होती. आत कुठे काय ठेवायचं, हे त्याच्या बायकोने कधीच ठरवून टाकलं होतं. ‘उत्तम’ एवढंच म्हणायचं होतं.

पण जिभेला सवय नव्हती.

“महाराज, हे पाणी आहे.”

महाराज चावायचे थांबले. “कुठलं?”

“आपल्याच ओढ्याचं. तीन जागचं आहे. एक उंबराखालचं, अण्णा बसतात तिथलं. एक पिंपळाच्या मुळाशी, चिटणीस बसतात तिथलं. आणि मधलं म्हशींच्या डोहातलं, पंतांच्या बाजूचं.” उदोजीने पुन्हा जीभ लावली. “म्हैस गाभण आहे.”

तिन्ही अधिकारी एका सुरात म्हणाले, “पातळी बरोबर आहे.”

महाराजांनी बाटली उचलली. रेघ पाहिली. तीन प्रमाणपत्रं पाहिली. कागद चोख होते. मग ते उदोजीकडे वळले.

“एका घोटात तीन जागा ओळखणारा चवनीस आमच्या आजोबांकडेही नव्हता,” ते म्हणाले. “तुला कायम करायलाच हवं.”

उदोजीचा ऊर भरून आला.

“मात्र पद्धत पाळली पाहिजे. अर्ज तिन्ही टेबलांच्या अभिप्रायासाठी पाठवा.”

तात्पर्य : मुलांनो, जीभ तयार करायला अकरा वर्षं लागतात, रेघेपर्यंत पाणी भरायला अर्धी घटका. पुढे काय शिकायचं, ते वेळेचा हिशेब करून ठरवा.

सद्यःस्थिती : अस्वलअण्णांनी अर्ज चाखून पाहिला असून त्यात मध नाही असा शेरा दिला आहे. वराहपंत रजेवर आहेत. हुप्पेराव अर्ज वाचत आहेत. म्हशीला रेडकू झालं. उदोजी यंदाच्या पावसाळ्यात साळिंदराकडे पाहुणा आहे. अर्ज प्रलंबित आहे.