डोरीनबाईंच्या पुसलेल्या चौदा मिनिटांची हकीकत

श्री. जिच्या कृपेने काचेच्या पेटीत माणसे चालती बोलती होतात त्या विद्युल्लतेस नमन असो. शके १९०९, प्रभवनाम संवत्सरी, टोपीकरांच्या बेटावरील पेटीराज्यात डोरीनबाई हॅल्सॉल यांस निरोप देण्यात आला, त्याचे वर्तमान ऐसे जे.

बाई मूळच्या उत्तरेकडील गिरणीमुलुखाच्या, आणि शके १८८३ साली एका लांबलचक मालिकेत त्यांस बर्था नामक विधवा खानावळवालीचे सोंग मिळाले, आणि ते त्यांनी सव्वीस वर्षे इतक्या निष्ठेने वागविले की रयत त्यांस बाजारात बर्था म्हणूनच हाक मारी. शके १८८८ साली कथेत बर्थाचा एकुलता मुलगा खाणीत गाडला गेला, आणि बाई त्याचा एक बूट मांडीवर घेऊन चौदा मिनिटे एकट्याच बोलत राहिल्या, आणि त्या सायंकाळी घरोघरी जेवणे निवाली. बाईंनी स्वतः मात्र ते पाहिले नाही, कारण खेळ घडे त्याच घटकेस तो पेट्यांतून दिसे आणि फितीवर उमटे. तीन वर्षांनी ती फीत पाहावी म्हणून बाई भांडारात गेल्या. त्या राज्याचा रिवाज ऐसा की फितीवरील लोहकणांची ठेवण म्हणजेच चित्र, आणि ती पुसण्याच्या यंत्रातून फिरविली की सारे कण विस्कटत आणि तीच फीत दुसऱ्या खेळास घेत. भांडाऱ्याने यादी चाळली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या फितीवर आता घोड्यांची शर्यत आहे. तीच दाखवू का?"

बाई पुसत्या झाल्या, "कोण जिंकलं?"

"सिल्व्हर थिसल. अर्ध्या मानेनं पुढं."

त्या दिवसापासून ती चौदा मिनिटे राज्यात फक्त बाईंच्या तोंडी उरली, म्हणून दर रविवारी सकाळी बटाटे सोलता सोलता बाई ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत, एक शब्द गळू देत नसत, आणि हे त्यांची वस्त्रे सांभाळणाऱ्या विनीवाचून कोणास ठाऊक नव्हते. पुढे वय झाले आणि विपरीत ऐसे घडले की जुने सारे जागच्या जागी राहिले पण नवे संवाद मुक्काम करीनात. मग विनी चिठ्ठ्या लिहून खानावळीच्या भांड्यांस चिकटवू लागली.

"विने, साखरेच्या डब्यात काय आहे?"

"शेजारणीवरचा राग. आणि बशीखाली माफी. नीट बघा हं, मागच्या खेपेला आधी माफी मागितलीत आणि मग भडकलात."

"तरी लोकांना आवडलं की!"

"लोकांना आवडलं, प्रेंटिससाहेबांना नाही."

गॉर्डन प्रेंटिस हे मालिकेचे कारभारी. त्यांनी ठरविले की बर्थाने चार मिनिटे बोलून बहिणीकडे कायमचे जावे. आता खेळ आधी फितीवर घेऊन मग दाखवीत आणि फिती जपून ठेवीत, म्हणून बाईंनी विनविले की जाताना मुलाच्या बुटाचे ते बोल पुन्हा बोलू द्यावे, म्हणजे एकदा तरी ते फितीवर राहतील. साहेब हसून म्हणाले, "डोरीन, आता कुणाला आठवतंय ते?"

निरोपाच्या दिवशी विनी प्रवासाचा कोट आणावयास गेली, आणि नेपथ्याच्या मंडळींनी आदरापोटी खानावळ घासूनपुसून लखलखीत केली. त्यांचा मुकादम क्लाइव्ह हात पुसत म्हणाला, "बाईसाहेब, सव्वीस वर्षांत बशी इतकी स्वच्छ झाली नसेल!" बाईंनी बशी उलटली, ती पांढरीशुभ्र. दिवे पेटले, फीत फिरू लागली, बाईंनी साखरेचा डबा उघडला तो आत स्वतःचेच तोंड दिसले. मग बाई खुर्चीवर बसल्या, पायातला जोडा काढून मांडीवर घेतला, आणि बोलू लागल्या. क्लाइव्हने टोपी काढली, आणि कोट घेऊन आलेली विनी दारातच थबकली, कारण रविवारचे बोल तिने ओळखले, आणि कोणीही कोणास थांबविले नाही. बोल सरले तेव्हा यंत्रावरील घड्याळात चौदा मिनिटे झाली होती.

प्रेंटिससाहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सुंदर. पण हे लिहिलेलं नाही. फीत मागं घ्या."

विनी धावली. "साहेब, एवढी ठेवा! दुसरी लावा!"

"दुसरी इथं नाही, विनी. पाचला जागा सोडायची आहे."

मग फीत मागे फिरवून तिच्यावरच नवा खेळ उमटविणे सुरू केले, विनीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत संवाद धरले, आणि बाई ते वाचून बहिणीकडे गेल्या. त्याउपरि रविवारी बटाटे सोलताना बाईंस सात मिनिटेच आठवली, नाताळापर्यंत दोन. शके १९११ च्या हिवाळ्यात विनी रुग्णालयात उशाशी बसून म्हणाली, "बाई, बुटाचं बोला ना थोडं." बाईंनी छताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सिल्व्हर थिसल." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

तात्पर्य हे की डोरीनबाईंनी सोंग सव्वीस वर्षे चालविले, ती चौदा मिनिटे दोनदा घडली आणि दोनदा पुसली गेली. घोड्यांची शर्यत भांडारात उत्तम स्थितीत आहे.