आमच्या गल्लीच्या परीक्षक

आमच्या घरमालकीण सुंदराक्का कुठलंही बाळ आधी परीक्षा घेतल्याशिवाय कडेवर घेत नसत. बारशाला भेटो की वाण्याच्या दुकानात, कानामागे एक टाळी, मग जमिनीवर एक चुरमुरा. पोराने तो चिमटीत उचलला की निकाल लागे, "सरी, पास." घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरच्या चामराजपेटात आणि कन्नडात मुरलेलं.

अक्कांकडे नापास कुणी होतच नसे. एका पोराने चुरमुरा थेट तोंडानेच उचलला, तर "स्वल्प वेगळी पद्धत" म्हणून त्यालाही पास करून टाकलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून अक्कांच्या माडीवर राहायला आलो. आमची मिनी दीड वर्षाची झाली तरी 'आई' म्हणेना. डॉक्टरांनी लहान मुलांची वाढ तपासणाऱ्या केंद्रात पाठवलं. अक्का न बोलावता ऑटोत बसल्या. पुण्याच्या लोकांना परीक्षेतलं काय कळतं, हे वर ऐकवलं ते वेगळंच.

केंद्रातल्या ताईंनी ठोकळे दिले, मिनीने मनोरा रचला. मग अक्कांनी तिला मांडीवर घेतलं आणि ताईंनी मागून घंटी वाजवली. मिनी गर्रकन वळली. दुसऱ्या बाजूने वाजवली, तिकडेही वळली. ऐकू छान येतंय, बोलेल उशिरा, असं सांगून ताईंनी आम्हाला मोकळं केलं. मला पेढेच वाटावेसे वाटले.

परतताना अक्का गप्प. अक्का आणि गप्प! मला वाटलं, कॉफी मिळाली नाही म्हणून रुसल्या. तेवढ्यात त्यांनी ऑटो वळवायला लावला, तडक ताईंसमोर गेल्या आणि कबूल केलं की घंटी वाजेल त्या बाजूने त्या मिनीला हळूच ढोसत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"माझ्या लेकीला, सुधालाही मी असंच झाकलं," त्या ताईंना म्हणाल्या. "पाय आपटायचा, जमीन हलली की ती वळायची. लोक म्हणायचे, पोर किती आज्ञेतली. शाळेत घातली तेव्हा कळलं सगळ्यांना. तोवर बोलायला शिकायचं वय निघून गेलं होतं."

ताईंनी पुन्हा घंटी घेतली. आता मिनी माझ्या मांडीवर होती आणि अक्का लांब, दाराशी. घंटी वाजली. मिनी ठोकळ्यांशीच खेळत राहिली.

"वळली नाही," अक्का म्हणाल्या. "लिहा, बाई. आत्ताच लिहा."