अकरा सेकंदांच्या मुंग्या

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे मी म्हणत नाही, माझं कार्ड म्हणतं. कार्ड मीच छापून घेतलं आहे, पण मजकूर निःपक्षपाती आहे: 'खासगी गुप्तहेर. तपास चोख. वेळ दुपारी तीन ते सात.' सकाळी मी नसतो. सकाळी मला भाजी आणायला पाठवतात आणि भाजीवाला मला रोज फसवतो. तोही तपास चालू आहे.

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. डस्टर कोणी लपवलं, नकाशावर समुद्राला मिशा कोणी काढल्या, हे मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो. चेहरा दर वेळी चुकीचा निघायचा, पण ओळखायचो अगदी झटकन.

माझ्या कारकिर्दीत एकच प्रकरण सुटलेलं नव्हतं. छत्रीचं. बावीस वर्षांपूर्वी, माझ्या मित्राच्या मुलीच्या लग्नात, भर हॉलमधून माझी छत्री चोरीला गेली. काळी, लांब, बदकाच्या तोंडाची मूठ असलेली. मी त्याच क्षणी हॉलची दारं बंद करवली. लोकांची जेवणं थांबवली. नवऱ्या मुलाच्या मामांजवळ एक लांबट पुडकं होतं, ते सगळ्यांसमोर उघडायला लावलं. आत पडद्याची दांडी निघाली. नव्या जोडप्याला भेट म्हणून आणलेली. मामा त्या दिवशी सुटले, पण माझ्या वहीत ते अजून लाल शाईत आहेत.

तर तो मित्र. त्याला सगळे रिवाइंडराव म्हणतात. जगाने आपापले व्हीसीआर भंगारात दिले, याने आपला पोटच्या पोरासारखा सांभाळला. दर शनिवारी मऊ फडकं आणि स्पिरिट घेऊन तो त्याला पुसतो. मी एकदा विचारलं होतं, "अरे, आता सगळं फोनवर दिसतं. हे धूड कशाला?"

"तुझा फोन उघडून दाखव बरं."

मला उघडता आला नाही. त्याने व्हीसीआरचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि वर्गात शिकवावं तसं दाखवलं. हा रबरी पट्टा, ही चाकं, हे गरगर फिरणारं चकचकीत पिंप. चित्र वाचणारी हेडं यालाच बसवलेली. कॅसेट आत गेली की पट्टी बाहेर ओढली जाते आणि पिंपाला मिठी मारते. सगळं डोळ्यांना दिसत होतं.

"बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं," तो म्हणाला. "आणि कॅसेट जिथे थांबवशील तिथेच थांबते. दहा वर्षांनी घाल, शेजाऱ्याकडे घाल, तिथूनच पुढे सुरू. तुला काल वाचलेलं पान तरी आठवतं का?"

हा प्रश्न विषयाला सोडून होता.

त्या शनिवारी मात्र रिवाइंडरावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "लगेच ये. माझ्या मशीनवर आळ आलाय."

मी गेलो. हॉलमध्ये एक रिकामं खोकं उघडं पडलं होतं, आणि रिवाइंडराव त्याच्याकडे असा बघत होता, जसं काही ते त्याच्याच मापाचं आणलंय.

"मुलगी येतेय पाच वाजता," तो म्हणाला. "तिच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घालून घ्यायचीय. मागच्या आठवड्यात तिने लावून बघितली, तर मधेच नुसत्या मुंग्या! अकरा सेकंद! म्हणते, 'बाबा, तुमच्या मशीनने माझं लग्न खाल्लं.' आज ती कॅसेट नेणार, आणि मशीन त्या खोक्यात घालून भंगारात देणार. माझं मशीन पट्टी खात नाही रे! निर्दोष आहे ते. तू सिद्ध कर."

"निर्दोष कोणीच नसतो," मी म्हणालो. "मशीनसुद्धा नाही. कॅसेट लाव."

ही कॅसेट मी तोवर पाहिली नव्हती. ती लावू या म्हटलं की वहिनी नेहमी म्हणायच्या, "नको भाऊजी, तुम्ही हळवे व्हाल." किती समजूतदार बाई!

कॅसेट सुरू झाली. हॉल, फुलं, खुर्च्या, हसणारी माणसं. आणि एकाएकी पडदाभर काळ्या-पांढऱ्या मुंग्या वळवळू लागल्या. त्याच क्षणी वहिनींनी रिमोटने आवाज बंद केला. डोकं दुखत असावं, अशी मी मनात नोंद केली. अकरा सेकंदांनी चित्र परत आलं, वहिनींनी आवाज परत केला. डोकेदुखी थांबली असावी, अशी दुसरी नोंद वहीत डोकं घालून केली.

"पहिला संशयित, लोहचुंबक," मी जाहीर केलं. "चुंबकाने चित्र पुसलं जातं."

फ्रीजवरचे सगळे चुंबक मी जप्त केले. एक आंबा, दोन फुलपाखरं. त्यांना धरून ठेवलेली दूधवाल्याची चिठ्ठी खाली पडली आणि उद्या दूध किती घ्यायचं यावर घरात मतभेद झाले. पण कॅसेटचं कपाट दुसऱ्या खोलीत होतं. फुलपाखरं चालत गेली नसती. मी त्यांना समज देऊन सोडलं.

"दुसरा संशयित, उंदीर."

"उंदीर पट्टी कुरतडतो तर ती तुटत नाही का?" रिवाइंडराव म्हणाला.

"सराईत उंदीर असेल."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नाची कॅसेट. छत्रीची चोरी. आणि नेमका एक तुकडा नष्ट! "पुरावा!" मी ओरडलो. "चोर कॅमेऱ्यात सापडला होता! नवऱ्या मुलाच्या मामांनी या घरात घुसून तो तुकडा पुसला!"

वहिनींना ठसका लागला. त्या पाणी प्यायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

मामांच्या बोटांचे ठसे मिळवायला हवे होते. शास्त्रीय पद्धत सोपी आहे: वस्तूवर बारीक पावडर भुरभुरायची. मी न्हाणीघरातून टाल्कम पावडरचा डबा आणला आणि व्हीसीआरच्या तोंडात भुरभुरला. आतमध्ये कोणीतरी शिंकल्यासारखा आवाज झाला, आणि मशीन बंद पडलं.

रिवाइंडरावाने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते.

"आता तर ती नक्कीच नेईल," तो हळूच म्हणाला. "बंद पडलेलं मशीन कोण ठेवतं?"

कोपऱ्यावर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत. वडिलांच्या हाताखाली त्या व्हीसीआरही शिकल्या होत्या. त्या आल्या, झाकण उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, "याला आंघोळ कोणी घातली?"

"तो तपासाचा भाग होता," मी म्हणालो.

"हो का! मग लहान मुलांना तपासापासून लांब ठेवत जा."

त्यांनी छोट्या ब्रशने पावडर काढली, स्पिरिटने पिंप पुसलं, पट्टा बोटाने ताणून बघितला. पाऊण तासात मशीन परत गुणगुणू लागलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मुलगी आत आली. माझ्या कपड्यांवरची पावडर बघून तिने "काका, तुम्ही पण यात?" एवढंच विचारलं आणि ती खोक्याकडे वळली.

"थांबा जरा," मेकॅनिकबाई म्हणाल्या. "तक्रार काय होती?"

रिवाइंडरावाने कॅसेट लावली. मुंग्या आल्या. वहिनींचा हात रिमोटकडे गेला, पण रिमोट बाईंच्या हातात होता. त्यांनी चटकन कॅसेट बाहेर काढली, झडप उघडून पट्टी उजेडात धरली.

"मशीनने खाल्ली असती तर कड चुरगळली असती, सुरकुत्या पडल्या असत्या. इथे तसं काही नाही. पट्टी सपाट आहे, फक्त मधला लेप घासून गेलाय." त्या मुलीकडे वळल्या. "असं बघा. तुम्ही पॉज दाबता तेव्हा चित्र थांबतं, पण आतलं पिंप थांबत नाही. ते त्याच जागेवर गरगर घासत राहतं. एकदा-दोनदा काही होत नाही. ही जागा शेकडो वेळा पॉज केलीय."

"अशक्य!" रिवाइंडराव गरजला. "माझ्या घरात पॉज कोणी दाबत नाही!" त्याने मशीनवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. वीस वर्षांपासून तिथे लिहिलेलं होतं: 'पॉज दाबू नये.'

वहिनी टेबलाच्या पायाकडे बघत होत्या. मुलगी छताकडे बघत होती. मी दोघींकडे बघत होतो आणि मला काहीही कळत नव्हतं.

"मला वाटलं बटण खराब होतं म्हणून दाबायचं नाही," वहिनी पुटपुटल्या. "तुम्ही दुपारी झोपलात की आम्ही अलगद दाबायचो."

"आम्ही म्हणजे?"

"मी पण," मुलगी म्हणाली. "प्रत्येक वेळी माहेरी आले की. मावशी पण. आत्या पण."

"पण काय बघता एवढं?" रिवाइंडरावाचा आवाज चढला. कॅसेट लागली की तो कायम मशीनकडेच बघायचा, पडद्याकडे नाही.

मेकॅनिकबाईंनी कॅसेट परत आत सारली. "चित्र गेलंय, पण आवाज असेल. आवाज पट्टीच्या कडेला असतो, तिथे पिंप घासत नाही." आणि त्यांनी आवाज मोठा केला.

मुंग्या आल्या. मुंग्यांच्या आडून लग्नातला गलबला ऐकू आला, आणि मग अगदी कॅमेऱ्याजवळून एक ओळखीचा, भारदस्त, भूगोलाचा आवाज: "चोर फार झालेत. छत्री या सतरंजीच्या गुंडाळीत खुपसून ठेवतो. इथे कोणाच्या बापाला सापडायची नाही!"

अकरा सेकंद संपले. चित्र परत आलं. पडद्यावर मी समाधानाने हात झटकत निघून जात होतो.

मग मुलीला आवरेना. ती खोक्यावरच बसली आणि पोट धरून हसू लागली. "काका, तुम्ही आधी डावीकडे बघता, मग उजवीकडे बघता, आणि कॅमेऱ्यात बघता, पण कॅमेरा तुम्हाला दिसतच नाही! तिथेच आम्ही थांबवायचो!"

वहिनी उठल्या. दारामागच्या स्टँडमधून त्यांनी ती काळी छत्री आणली, जी त्या मला दर पावसाळ्यात उसनी देतात. तिच्या मुठीला त्यांनी लोकरीची टोपी विणून घातली आहे. मी कायम म्हणायचो, बायकांना कसली कसली हौस असते! आता त्यांनी ती टोपी काढली. आतून बदक माझ्याकडे बघत होतं.

"हॉलवाल्यांनी तिसऱ्या दिवशी आणून दिली," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतक्या आनंदाने तपास करत होतात, भाऊजी. कसं सांगायचं?"

मी वही काढली आणि लिहिलं: 'छत्री-प्रकरण सुटलं. गुन्हेगार गुप्तहेराच्या चांगल्या परिचयाचा.'

रिवाइंडरावाला मात्र छत्रीशी काही देणंघेणं नव्हतं. तो मशीनच्या झाकणावरून हात फिरवत होता. "म्हणजे याने काही खाल्लं नव्हतं," तो मुलीला म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसतं पक्कं करून घेणं होतं.

"नाही बाबा. आम्हीच खाल्लं. हसून हसून." तिने खोकं चपटं करून दारामागे उभं केलं. "मशीन इथेच राहू दे. कॉम्प्युटरवर किती वेळा हसलो ते थोडंच दिसणार आहे?"

शेवटचं एक काम उरलं होतं. मुलीने नंबर लावून दिला आणि मी नवऱ्या मुलाच्या मामांशी बोललो. "मामा, बावीस वर्षांपूर्वी मी तुमचं पुडकं..."

"छत्री सापडली वाटतं?" पलीकडून आवाज आला. "सतरंजीतली?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अहो, आमच्याकडे कॅसेटची एक प्रत आहे ना! तिच्यासाठीच तर व्हीसीआर ठेवलाय. पण हल्ली नेमक्या त्याच जागी मुंग्या येतात हो." ते जरा घुटमळले. "गुप्तहेरसाहेब, तुमच्याकडची कॅसेट अजून चांगली आहे का?"