वानखेडेकाकांचं कोठार

जयपूरला असताना वानखेडेकाकांनी माझी किती माणसं उपाशी मारली, ते आता आठवत नाही. माणसं आगपेटीच्या काड्यांची होती, इतकाच दिलासा. काका परवा गेले. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. प्रयत्न करतो.

बनी पार्कात ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. काकू आधीच गेलेल्या, मुलगा फौजेत. रेल्वेच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर हुकूम चालवायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी एक खेळ तयार केला. जुन्या चादरीवर शेतं आणि नदी रंगवली. त्यावर प्रत्येकाने आपापलं गाव वसवायचं. गहू म्हणजे धान्य, चिंचोके म्हणजे विटा. कवड्या टाकून माल मिळवायचा. मात्र मिळालेला माल काकांच्या कोठारात, म्हणजे बिस्किटांच्या डब्यात, जमा व्हायचा. ज्याचं गाव आधी पुरं होईल तो जिंकला आणि डाव संपला, असा नियम होता. संपलेला डाव पाहिलेला माणूस मला भेटला नाही.

कारण डब्यातून काही बाहेर यायला काकांची मंजुरी लागे.

"काका, दोन दाणे द्या. माझी माणसं मरताहेत."

"मागच्या रविवारी तं जेवले ना बाप्पा! दर रविवारी काहून खातेत?"

"डबा भरलाय की!"

"भरला हाये म्हनून तं भरला हाये."

घरमालक शर्माजी एकदाच खेळायला बसले. विहिरीसाठी विटा मागून मागून थकले आणि उठताना म्हणाले, "भाईसाहब, ये गाँव है या जेल?" काकांना तो गौरव वाटला.

ही काटकसर आमच्या स्वयंपाकघराला लागू नव्हती. तिथे ते वरणाची तिसरी वाटी मागताना कुठल्याही मंजुरीसाठी थांबत नसत.

चादर आमच्याच दिवाणखान्यात अंथरलेली असे. दर रविवारी काका डबा काखेत मारून येत आणि डाव मागच्या रविवारी थांबला तिथून पुढे सुरू होई. म्हणजे पुढे जात नसेच.

मग माझी बदली रतलामला झाली. सामान बांधून झालं होतं. शेवटच्या रविवारी माझी बायको सुमन पदर खोचून बसली. तिच्या गावाला फक्त विहीर हवी होती. कवड्याही तिच्या बाजूने पडल्या.

"काका, विटा काढा. आज मी जिंकून जाणार."

"पुढच्या रविवारी पाहू."

"पुढच्या रविवारी आम्ही रतलामला!"

काकांनी डबा मांडीवर ओढून घेतला.

"अहो, खेळ आहे," ती वैतागून म्हणाली. "एवढा कसला चिकटपणा? जाता जाता एक गाव पुरं होऊ द्या की!"

काकांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"पुरं झाल्यावर वापस कायले येसान, बाई?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी बांधलेल्या ट्रंकेकडे पाहिलं.

तिने कवड्या उचलून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"टाका काका, तुमची पाळी आहे," ती म्हणाली. "आणि जेवूनच जा."