घट्ट न होणारं सूप

सूप काही केल्या घट्ट होईना. मुलीने डब्यातली पांढरी पावडर पाण्यात कालवून पुन्हा ओतली, ढवळून हात भरून आला, तरी सूप पाण्यासारखंच.

आई गेल्यानंतर या ओट्यापाशी ती पहिल्यांदाच उभी होती. आईच्या राज्यात कुठलीच वस्तू आपल्या डब्यात नसे. बिस्किटांच्या डब्यात सुया, कॉफीच्या बरणीत मीठ. कशात काय, ते फक्त आईला ठाऊक. आईमागे बाबा जिमला जाऊ लागले. तिथल्या ट्रेनरने दिलेली ताकदीची पावडरही त्यांनी घराची रीत पाळून एका जुन्या डब्यात ओतली होती, कॉर्नफ्लॉवरच्या डब्याशेजारी.

मुलीची नजर बाबांच्या कपाकडे गेली. तळाशी पांढरा साका बसला होता. तिने बोट लावून चाखलं आणि कपाळावर हात मारला. बाबा इतके दिवस कॉर्नफ्लॉवर पीत होते. ताकद सगळी सुपात गेली होती.

पण जिममध्ये बाबा उचलत ती वजनं तर वाढली होती! ट्रेनरने तिला कौतुकाने फोन केला होता. नुसती दांडी उचलताना थरथरणारे तुमचे बाबा, आमचे काका, आता दांडीला वजनाच्या चकत्या लावतात, म्हणाला; पावडर अशी लागू पडलेली त्याने पाहिली नव्हती. काकांकडे बघून निम्म्या जिमने तीच पावडर घेतली होती.

हे बाबांना कळलं तर ते जिम सोडतील, या धास्तीने तिचा जीव अर्धा झाला. जिमला जायचं म्हणून तरी ते सकाळी दाढी करत. तिने गुपचूप डब्यांची अदलाबदल करायला घेतली, तोच बाबा दारात.

"राहू दे. मला पहिल्याच घोटाला कळलं होतं."

"मग पीत का राहिलात?"

"तिने भरलेला डबा. टाकवेना. सुपात संपवावा, तर सूप काही मला जमत नाही."

मुलगी आईच्या डब्यात बघत राहिली. तळाला चमचाभर कॉर्नफ्लॉवर उरलं होतं.

"आणि ती वजनं, बाबा?"

"तो ट्रेनर पोरगा मागे उभा राहून म्हणतो, काका, अजून एक. घरात आता आग्रह करायला कोण आहे?"

दोघं जेवायला बसली. मुलीने अर्ध्यातच वाटी खाली ठेवली. बाबांनी न विचारता ती पुन्हा भरली.

"घे अजून थोडं. ताकदीचं आहे."