पाताळाची बोली

लोक ज्या कामात अख्खा दिवस घालवतात ते मी कॉम्प्युटरवर एका बटणात उरकतो, असं मी घरीदारी सांगत आलोय. बायको त्यावर हसते. तिची मोठी बहीण मात्र माझ्यावर विश्वास ठेवते, आणि घोळ झाला तो तिथेच.

ताई मुलांसाठी कादंबऱ्या लिहितात. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पुराणकथांवर बेतलेली त्यांची एक मालिका आहे. जुळी भावंडं पाताळात उतरतात, मृत्यूचे राजे त्यांना अंधाराच्या घरात, सुऱ्यांच्या घरात, वटवाघळांच्या घरात कोंडतात, आणि पोरं दर वेळी डोकं लढवून सुटतात. मी पन्नाशीतला मुद्रितशोधक, पण वटवाघळांचं प्रकरण तपासताना मीही पाय उचलून खुर्चीवर घेतले होते.

पाचवा भाग छापायला जायच्या सकाळी ताईंचा फोन आला.

“भावोजी, पोरं निघताना आजी अंगणात मका लावते ना, तिथे ‘मका’ काढून ‘कणीस’ करा. मुलांच्या डोळ्यांसमोर यायला हवं. सातच जागा आहेत. क्रियापदंही बदलतील, तेव्हा हाताने करा.”

हाताने! माझ्यासारख्याला! मी ‘सगळीकडे बदला’चं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: एकतीस बदल केले. ताईंना सात सापडले, मला एकतीस. ऊर भरून आला. त्या प्रकरणातली क्रियापदं सुधारली आणि पुस्तक छापखान्यात धाडलं.

प्रकाशन वाचनालयात होतं. साठेक मुलं मांडी ठोकून बसली होती. ताई वाचू लागल्या.

“मृत्यूचा राजा पुढे आला आणि त्याने दोघांना ध... धकणीसवलं.”

‘धमकावलं’च्या पोटात मका दडून बसला होता. ‘चमकावले’त होता, ‘नेमका’त होता, ‘कामकाजा’त होता. चोवीस ठिकाणी! बायकोने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग प्रकाशकांनी पाहिलं. त्यांच्या मागे दोन हजार प्रती रचून ठेवल्या होत्या.

पुढे बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. “धकणीसवलं म्हणजे काय?”

दुसऱ्या कोणी छपाईची चूक म्हणून माफी मागितली असती. ताईंनी शांतपणे चष्मा पुसला.

“पाताळातला राजा आहे, रागावलाय, हातात सुरी आहे. काय केलं असेल त्याने?”

“घाबरवलं असेल.”

“मग झालं तर. ही पाताळाची बोली आहे.”

त्यानंतर वटवाघळांनी डोळे चकणीसवले तेव्हा एकाही पोराने अर्थ विचारला नाही. दरबाराचं काकणीसज सुरू झालं तेव्हा तर मुलं हसून लोळली. परतताना जिन्यावर दोघं जण एकमेकांना धकणीसवत होते. या बाईपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

सभागृह रिकामं झाल्यावर मी खाली मान घालून म्हणालो, “ताई, चूक माझी आहे.”

“ते कळलं मला. पण पुढच्या भागाला असे पन्नास शब्द लागतील. तुम्हीच करून द्या.”

चार दिवस मी दार लावून बसलो. अक्षरं फिरवली, शब्द मोडले, जोडले, पन्नासची यादी सुवाच्य अक्षरात लिहून नेली. ताईंनी ती शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “हे विचार करून केल्यासारखे वाटतात.”